पिवळा पडलेला हरभरा

इथे सुरतेच्या कारखान्यात ओल्या, गंजक्या लोखंडाचा वास आला, की मला सोनईकडचं सासरचं रान आठवतं. त्या हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी पानं पिवळी पडली, आणि सासूबाई बांधावरून माझ्यावर ओरडल्या, "विटाळाची रानात शिरली, म्हनून पीक नासलं! उद्याच हिला माहेरी धाडा." नवरा मान खाली घालून पाणी देत राहिला. शेजारच्या रानातले तात्या तेवढ्यात आले. त्यांनी एक पान खुडून उन्हात धरलं. "शिरा हिरव्या अन् मधलंच पिवळं हाय. रान चुनखडीचं, त्यात तुमी लई पानी पाजलं. पिकाला लोह मिळंना, वैनी. पानी तोडा, लोखंडाचा हिराकस फवारा." "एवढा पुळका हाय तर हिला तुमच्याच घरी न्या की!" सासूबाई म्हणाल्या. तरी नवऱ्याने पाणी तोडलं, ओल्या गंजासारखा वास येणारा हिराकस कालवून त्यात लिंबू पिळलं आणि फवारलं. आठ-दहा दिवसांत शेंडे हिरवे झाले. सासूबाई पीक बघून आल्या आणि म्हणाल्या, "आता तरी हिला रानात जाऊ देऊ नका." पण माहेरचं नाव पुन्हा निघालं नाही. तात्यांचे आभार मी अजून मानलेले नाहीत; तेव्हा सासूबाई बघत असायच्या, आणि मग मी इकडे सुरतेला आले.