इर्जिकीतली मधली जोडी

संस्थान विलीन झालं, तरी भोरात मास्तरांच्या खुनाचा विषय निघाला की लोक म्हणतात, त्याचा उलगडा झाला ना. मी तिथून उठून जाते. तो उलगडा माझ्या हस्ताक्षरात आहे.

मास्तर वेठीविरुद्ध सभा घ्यायचे. आषाढात भरदुपारी नदीकाठी त्यांना कुऱ्हाडीनं मारलं. चार दिवसांत उत्रोलीचा एक शेतकरी धरला. मास्तरांनी सभेत त्याचा अपमान केला, तो राग त्यानं काढला, असं ठरलं. त्या सभांना सतरंज्या तोच अंथरायचा. मास्तरांना उघड धमक्या देणाऱ्यांची मात्र साधी चौकशीही झाली नाही. शेतकऱ्याला फाशी सुनावली.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून घरी आले होते. माझे वडील त्याचे वकील. दयेचा अर्ज इंग्रजीत हवा होता आणि अप्पांचं इंग्रजी कच्चं. त्याची बायको पडवीत बसून सांगत होती, मी लिहीत होते. खून झाला त्या दिवशी त्यांच्या गावात इर्जिक होती. सगळे आपापले बैल आणून एकाच्याच खाचरात चिखलणी करत होते.

"ह्यांची जोडी मधी व्हती, ताईसाब. मधली जोडी थांबली तर मागच्या समद्या थांबत्यात. गावाला कळल्याबिगर ऱ्हाईल व्हय? कोर्टात कुणी इचारलंच न्हाई."

मी ते लिहिलं. ती गेल्यावर अप्पांनी त्यावर रेघ मारली. दयेच्या अर्जात गुन्हा नाकारायचा नसतो, पश्चात्ताप दाखवायचा असतो, म्हणाले.

"पण त्यानं केलंच नाही, अप्पा."

"त्याचा जीव वाचवायचाय की तुला खरं लिहायचंय?"

मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याला घरात शालीनता म्हणत. मग ज्या इंग्रजीला शाळेत बक्षीस मिळालं होतं, त्या इंग्रजीत मी त्याचा पश्चात्ताप लिहिला. तुरुंगात त्याचा अंगठा घेतला. फाशीची जन्मठेप झाली. अप्पांनी पेढे आणले. मी खाल्ला नाही, एवढंच माझं शौर्य.

पुढे त्याच्या बायकोनं फेरचौकशी मागितली. फौजदारानं तोच अर्ज पुढे केला. गुन्हा कबूल, खाली अंगठा, आता कसली चौकशी?

ती अर्जाची नक्कल घेऊन आमच्या पडवीत आली. मराठीत वाचून दाखवा म्हणाली. अप्पा आत निघून गेले. मी वाचला, शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता.

तिनं नक्कल उलटून मागची कोरी बाजू पाहिली. मग म्हणाली, "आन् बैलांचं कुठं हाय?"