टाच टेकेपर्यंत

कामतघरला फिजिओथेरपीचा दवाखाना थाटून मला जेमतेम वर्ष झालं होतं. अनुभव तेवढाच, तोरा मात्र पंचवीस वर्षांचा. लहान मुलांवर मी कधी चिडत नसे. त्यांच्या वाटणीचा रागही त्यांच्या आयांवर निघायचा.

एका सहा वर्षांच्या मुलीच्या आईवर तर जरा जास्तच. जन्मताना श्वास गुदमरला होता, त्यामुळे पोरीचा डावा पाय ताठ राहायचा आणि ती त्या पायाच्या चवड्यावर चालायची. जीभ मात्र भलतीच तिखट. ठाण्याच्या सर्जननी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तोवर टाच जमिनीला टेकली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. हा शब्द ऐकला की आईचा चेहरा पांढराफटक पडायचा. मी तिला पोटरी ताणायला शिकवलं होतं: गुडघा सरळ, पाऊल वर, तीस मोजेपर्यंत तसंच धरायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

तीन आठवडे झाले, टाच होती तिथेच.

"ताई, तुम्ही करतच नाही," मी सगळ्यांसमोर सुनावलं. "पोरगी तुमची आहे की माझी?"

"करते ना मॅडम, देवाशप्पथ! तिसापर्यंत मोजते, एक पन सोडत न्हाय."

"आये खरं बोलते," मुलीने साक्ष दिली.

माझा विश्वास बसला नाही. चोरी पकडायचीच म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी न सांगता त्यांच्या चाळीत गेले.

त्यांच्या खोलीची मागची भिंत आणि पॉवरलूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. मांडणीवरची भांडी थरथरत होती. आई पोरीचं पाऊल धरून बसली होती आणि लूमच्या प्रत्येक ठोक्याला एक आकडा मोजत होती. मी घड्याळ लावलं. तीस आकडे, तेरा सेकंद! दवाखान्यात आकडे मीच मोजायचे, त्यामुळे हे कधी कळलंच नव्हतं.

"हळू मोजा ना!" मी ओरडले. ओरडल्याशिवाय तिथे ऐकूच येत नव्हतं.

तिने करून पाहिलं. सातपर्यंत हळू, आठपासून पुन्हा लूमबरोबर. मी स्वतः मोजलं, तर माझंही तेच! तिथे माझा तोरा उतरला आणि हसू आवरेना.

"आणि शुक्रवारी? लूम बंद असतात तेव्हा?"

"शुक्रवारी चुकतं मॅडम," ती ओशाळली. "ठोका न्हाय तर कुठवर धरायचं समजत न्हाय. मंग ही ओरडेपर्यंत धरते."

म्हणजे आठवड्यात तो एकच दिवस व्यायाम बरोबर होत होता.

मी आकडे रद्द करून टाकले. चाळीत खोल्या दहा, पाय ताणायचा दहा वेळा. एका वेळेला एका खोलीची खबर सांगायची, खबर संपली की पाय सोडायचा. बाईला हे मोजण्यापेक्षा फार झकास जमलं. कोणाच्या सुनेने डाळ करपवली, कोणाचा नवरा ड्युटी बुडवून सासुरवाडीला पळाला. लूमने कितीही घाई केली तरी खबर आपल्याच चालीने जायची. चौथ्या खोलीची तर चांगली मिनिटभर चालायची, तिथलं भांडण ताजं होतं. पोरगी पाय ओढून घ्यायला विसरली, उलट "पुढच्या खोलीचं सांग" म्हणून मागे लागायची.

मुदतीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर ठाण्याला गेले. पहिले तीन आठवडे वाया गेले होते, आणि ते माझ्यामुळे.

सर्जननी टाचेखाली कागद ठेवून मुलीला फरशीवर अनवाणी उभं केलं आणि कागद ओढला. निघेना. जोर लावला तसा तो टरकन फाटला. अर्धा त्यांच्या हातात, अर्धा टाचेखाली.

"फाटला?" आईचा आवाज चिरकला. "मंग आता ऑपरेशन?"

"नाही हो ताई. टाच टेकली. ऑपरेशन नाही." सर्जनच्या आधी मीच सांगून टाकलं.

त्या बाईने लेकीला उचलून छातीशी घट्ट धरलं. पोरगी पाय झाडायला लागली.

"आये, सोड! खाली ठेव मला. मला टेकवायचीय."