नलू आणि माझी टाच

त्या दिवशी हे भर दुपारी घरी आले. त्यांच्या शस्त्रक्रियांच्या दिवशी ते संध्याकाळपूर्वी कधी येत नाहीत, आणि त्या दिवशी आले तेही चालत. गाडी इस्पितळातच राहिली होती. चैत्रातलं जयपूरचं ऊन, डोक्यावर काही नाही, शर्ट पाठीला चिकटलेला. व्हरांड्यात येऊन उभे राहिले, ते आत येईनात. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. त्यांनी तो हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "गेली," एवढंच म्हणाले. कोण, ते विचारायची गरज नव्हती. आदल्या संध्याकाळीच मी इस्पितळात नलूच्या खाटेशी बसून आले होते. तिला बोलताना धाप लागत होती. तरी माझा हात धरून म्हणाली होती, "दादाला सांगा, आज बरं वाटतंय मला. त्याला पटायचं नाही, पण सांगा..." मी सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं.

नलू, म्हणजे नलिनी, माझी धाकटी नणंद. चाळिशी नुकतीच ओलांडली होती तिनं. लहानपणी साताऱ्याला सांधेताप आला, तो हृदयाची झडप बिघडवून गेला, आणि पुढे तिचं लग्न, तिचं वैद्यकीचं शिक्षण, सगळंच त्या एका झडपेपाशी अडलं. तिनं डॉक्टर व्हावं अशी यांची फार इच्छा होती. ते जमणार नाही असं दिसल्यावर तिनं मुंबईला जाऊन फिजिओथेरपी शिकून घेतली. तेव्हा हा शब्दही लोकांना नवा होता. आम्ही जयपूरला आल्यावर वर्षभरात तीही आमच्याकडे आली आणि हे हाडांचे सर्जन होते त्याच इस्पितळात, लांब व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत, पोलिओ झालेल्या मुलांना चालायला शिकवू लागली. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या बंगल्यातून भाऊबहीण रोज सकाळी एकाच गाडीतून जात. पण पाहुण्यांसमोर तिची ओळख करून देताना हे हसत म्हणायचे, "आमची नलू मालिश करते." पाहुणेही हसायचे. नलू हसायची नाही. समोरच्या बशीतली बडीशेप बोटानं सारखी करत बसायची. मला ते बघवत नसे, पण भावाबहिणीत मी काय बोलणार...

मग माझी टाच दुखायला लागली. ही पन्नासच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. सगळे तास उभ्यानं, खाली दगडी फरशी, आणि पायात इथल्या बाया घालतात तसल्या पातळ तळाच्या मोजड्या. मला त्या फार आवडायच्या. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा घुसल्यासारखी कळ यायची. चार पावलं चाललं की कमी व्हायची, दुपारी बसून उठलं की परत यायची. यांनी क्ष-किरण चित्र काढलं. टाचेचं हाड पुढे काट्यासारखं वाढलेलं दिसलं. टाचेत सुई दिली, थोडे दिवस आराम पडला, पुन्हा दिली, पुन्हा दुखणं परत आलं. तेव्हा यांनी ठरवून टाकलं. नाताळच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करायची, काटा काढायचा, तळव्याचा पट्टा सैल करायचा. मी घाबरले होते. माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की सुट्टी संपल्यावर मी हजर झाले नाही तर दुसरी बाई घ्यावी लागेल. पण यांच्यासमोर ते बोलून दाखवायला मी धजले नाही.

बोलली ती नलू. रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघंच होतो. ती ताटाकडे बघत म्हणाली, "दादा, वहिनींच्या पायावर सुरी चालवू नकोस."

यांचा हात घासाशीच थांबला. मग शांतपणे विचारलं, "तुझ्या मालिशीनं हाड विरघळणार आहे का?"

"हाड तिथेच राहील. दुखणं हाडाचं नाहीच. टाचेपासून बोटांपर्यंत जो पट्टा आहे तो रोज ताणला जातोय, कारण त्याला धरणारे पायातले छोटे स्नायू ढिले पडलेत आणि पोटऱ्या आखडल्यात. पट्टा कापलास तर कळ जाईल, पण पायाची कमान कोण धरणार? तशी एक बाई माझ्या खोलीत येते. कळ गेली, पण धड चालता येत नाही तिला."

त्या बाईचा पट्टा कोणी कापला होता ते नलूनं सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. यांचा चेहरा मात्र उतरला.  मग हे म्हणाले की सुट्टी लागेपर्यंत हवं ते कर. आणि नाही झालं तर?

"तर त्या खोलीला कुलूप लावून मी साताऱ्याला जाईन," नलू म्हणाली. "मग तू तुझं काम कर."

 माझ्या एका टाचेवर आता तिचं सगळं आयुष्य येऊन पडलं होतं. साताऱ्याला तिचं कोण होतं? एक म्हातारी आत्या आणि बंद पडलेलं घर.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. मोजड्या तिनं उचलून माळ्यावर टाकल्या आणि जाड तळाच्या, टाचेशी उंच असलेल्या चपला घरातसुद्धा घालायला लावल्या. उठायच्या आधी अंथरुणातच पायाची बोटं हातानं मागे ओढून धरायची, मगच पाय खाली टाकायचा. भिंतीला हात लावून, एक पाय मागे ठेवून पोटरी ताणायची. फरशीवर टॉवेल पसरून खुर्चीवर बसायचं आणि बोटांनी तो टॉवेल गोळा करून टाचेपाशी आणायचा. ते सोपं झालं तेव्हा तिनं टॉवेलच्या टोकावर माझा जाडजूड नकाशासंग्रह ठेवला. सगळ्यांत अवघड होतं ते व्हरांड्याच्या पायरीवरचं. पायरीच्या कडेला टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर बोटं टेकायची, टाच पायरीबाहेर अधांतरी, आणि त्या पायावर भार देऊन टाच वर उचलायची, मग खाली सोडायची. हे एक दिवस आड. रोज करू का विचारलं तर म्हणाली, स्नायूला भरून यायला मधला दिवस लागतो. सुरुवातीला माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ती म्हणायची, "करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर मात्र आपलं चुकलं. आणि वहिनी, मला वाईट वाटेल म्हणून बरं आहे असं सांगायचं नाही. दादालाही नाही आणि मलाही नाही."

घरात मात्र श्वास कोंडल्यासारखं झालं होतं. भाऊबहीण एका गाडीतून जायचे बंद झाले. ती सायकलरिक्षानं जाऊ लागली. जेवताना "आमटी वाढायला सांग", "त्याला ताक हवंय का विचारा" असं सगळं माझ्यामार्फत चालायचं. मी पायरीवर उभी असले की हे खिडकीशी पेपर वाचत बसायचे. पान उलटल्याचा आवाज फार वेळ यायचा नाही, म्हणजे ते बघत होते.  दिवाळी झाली, थंडी पडू लागली, दगडी फरशी बर्फासारखी लागायला लागली. सकाळची कळ थोडी मऊ झाली होती. मी मनातल्या मनात सुटले म्हणायला लागले, आणि तेवढ्यात शाळेत खेळांचे सामने आले. दिवसभर मैदानावर उन्हात उभी होते. दुसऱ्या सकाळी पाय खाली टाकला आणि कपाट धरून तिथेच खाली बसले. हे दारात उभे होते. त्यांनी मला उठवून खाटेवर बसवलं, पाय तपासला आणि बाहेर जाता जाता म्हणाले, "सुट्टी लागल्यावर पहिल्या सोमवारी. मी इस्पितळात खोली सांगून ठेवतो."

नलूला हे मीच सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. पायरी बंद केली, नकाशासंग्रह काढून घेतला, मला पुन्हा खुर्चीवर बसवून नुसत्या टॉवेलापासून सुरुवात केली. त्याच आठवड्यात मी तिला तिच्या खोलीत ट्रंक उघडून बसलेलं पाहिलं. साताऱ्याहून आणलेल्या चादरी घडी घालून एका बाजूला ठेवल्या होत्या. मला पाहून तिनं झाकण लावलं.  पुढचे सगळे दिवस मी अंथरुणातून उतरायच्या आधी देवाचं नाव घ्यायचे. कळ हळूहळू मागे हटली, मी पुन्हा पायरीवर गेले, पण पूर्ण बरी काही झाले नव्हते.

त्या सोमवारच्या आदल्या सकाळी यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. स्टुलावर बसून माझा पाय मांडीवर घेतला. नलू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. यांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. "इथे?" मी नलूकडे पाहिलं. तिनं मुद्दाम बागेकडे तोंड फिरवलं. मी नाही म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण माझ्याच्यानं ते झालं नाही. "दुखतं," मी म्हणाले. "पण पूर्वीसारखं नाही." यांनी पुन्हा दाबलं, जरा पुढे, जरा मागे. मग पाय खाली ठेवून म्हणाले, "पायरीवर जा. एकाच पायावर." मी गेले. भिंतीला हात लावून टाच उचलली, खाली आणली, पुन्हा उचलली. पाय थरथरत होता, पण उचलला जात होता. हे स्टुलावरून उतरून माझ्या मागे उकिडवे बसले आणि माझ्या टाचेकडे बघत राहिले. किती वेळ ते मला कळत नव्हतं. मी थांबायची हिंमत करत नव्हते.

शेवटी ते बोलले, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलले. "वर गेल्यावर हिची टाच आत वळतेय. तिकडे लक्ष दे."

"हो, दादा," नलू म्हणाली.  मग ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. यांनी इस्पितळात फोन करून राखलेली खोली रद्द केली. शस्त्रक्रिया नको, असं त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही आणि पुढेही कधी म्हटलं नाही.

होळीच्या सुमाराला मी सकाळी उठून सरळ न्हाणीघरात गेले आणि परत येताना लक्षात आलं की पायाचा विचारच मनात आला नव्हता. नोकरी राहिली. नलूही राहिली, पुढची सारी वर्षं. टाचेचं दुखणं घेऊन येणाऱ्याला हे आधी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवायचे, आणि पाहुण्यांसमोर 'मालिश' हा शब्द पुन्हा आला नाही. शेवटच्या वर्षी तिला उभं राहवत नसे. खुर्चीत बसून, हातानं खुणा करून शिकवायची.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी इस्पितळातून निरोप आला की खोली रिकामी करायची आहे. आम्ही दोघं गेलो. मी कपाटातले टॉवेल काढत होते, तेवढ्यात नलूकडे पायासाठी येणारी, खातीपुरा वस्तीतली एक बाई दारात आली. नवरा रेल्वेत, ती महिनाभर माहेरी लग्नाला गेलेली, तिला काहीच माहीत नव्हतं. "बहनजी कठै छै?" नलू कुठे आहे, असं तिनं तिथल्या बोलीत विचारलं. यांनी सांगितलं. तिनं ओढणी तोंडाला लावली आणि तिथेच बाकावर बसली. बऱ्याच वेळानं उठून जायला निघाली, तेव्हा हे म्हणाले, "रुकिए. पाँव दिखाइए."

पाय बघितल्यावर त्यांनी माझ्या हातातला टॉवेल मागून घेतला, गुंडाळला आणि कोपऱ्यातल्या लाकडी पायरीवर ठेवला. मग खाली बसून आपले बूट काढले, मोजे काढले. चौतीस वर्षांच्या संसारात इस्पितळात त्यांना अनवाणी मी पाहिलं नव्हतं. बाईच्या शेजारी उभं राहून त्यांनी बोटं टॉवेलवर टेकली आणि दोघांनी टाचा उचलल्या. खाली येताना ती बाई स्वतःशीच पुटपुटली, "सावकास... सावकास..."

मी तिला विचारलं की या मराठी शब्दाचा अर्थ ठाऊक आहे का. ती गोंधळली. "मतलब तो मालूम नहीं, बाईजी. बहनजी हर बार बोलती थीं. मैं समझी इसी कसरत में आता है."

तिची टाच खाली टेकली होती. हे मात्र भिंतीला हात लावून, टाचा उचललेल्या तशाच उभे होते.