यंत्राचंच ऐकणारे मावसाजी

अकोल्यातली कुठलीही वस्तू आमच्या मावसाजींच्या हाताखालून गेल्याशिवाय भंगारात जात नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. काही वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्या म्हणूनच भंगारात गेल्या, पण तेवढं चालायचंच. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. जन्मभर एका शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले आणि जठारपेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत स्क्रूड्रायव्हर घेऊन जे बसले ते बसलेच. त्या खोलीत पाहुण्याला खुर्ची जरूर मिळायची, फक्त तिच्यावरचा कुलरचा पंप आणि पोट फाडलेला टेपरेकॉर्डर आधी स्वतःच्या मांडीवर घ्यावा लागायचा. वैशाखात सारं अकोला उन्हाच्या नावानं बोटं मोडतं, आणि मावसाजी मात्र खुशीत असायचे, कारण वैशाखात कुलर बिघडतात.

अचलपूरला माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. अमरावतीहून आम्ही सगळे एसटीनं निघालो आणि त्या गाडीची एक खिडकी खडखडत होती. दुसरा कोणी दोन शिव्या हासडून झोपला असता. मावसाजींनी लग्नपत्रिकांच्या निरनिराळ्या जाडीच्या घड्या करून त्या फटीत ठोकायला सुरुवात केली. एक घडी ठोकायची, कान लावायचा, काढायची, दुसरी ठोकायची. खडखड थांबली तेव्हा लग्नाचा पत्ता कोणाकडेच उरला नव्हता. मांडवात पोचलो तर भटजींचा माइक गुरगुरत होता. मावसाजींनी बाह्या सावरल्या आणि माइकची पेटी उघडली. मुहूर्त टळू नये म्हणून बिचाऱ्या भटजींनी घसा फोडून मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नवरी रडून गाडीत बसली, आणि तेवढ्यात रिकाम्या मांडवातून गगनभेदी आवाज आला, "हॅलो, हॅलो, माइक चेक!" मावसाजी घामानं निथळत उभे होते आणि नवरदेवापेक्षा जास्त समाधानी दिसत होते.

दुरुस्तीच्या कामात त्यांचा एकच नियम होता. तक्रार घेऊन येणाऱ्याचं ऐकायचं नाही, यंत्राचं ऐकायचं. शाळेत जन्मभर पोरांची खोटी कारणं ऐकून ऐकून माणसाच्या सांगण्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. शेजारच्या वहिनी मिक्सर घेऊन आल्या आणि "भाऊजी, काल चटणी करताना..." असं काही सांगू लागल्या की मावसाजी हात वर करायचे. "तुमी बोलू नोका वहिनी. याले बोलू द्या." मग तो मिक्सर कानाशी धरून, डोळे मिटून, हलवून, हुंगून त्याची साक्ष घेतली जायची. मावशी स्वयंपाकघरातून म्हणायची, "पाय बाप्पा! मिक्सरचं आयकतात, माह्यं नाई आयकत."

"मिक्सर खोटं बोलत नाई," मावसाजी आतल्या दिशेनं उत्तर द्यायचे. आम्ही सगळे हसायचो, मावशी सगळ्यात जास्त.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. तेल्हाऱ्याकडची मावसाजींची जमीन त्यांचा मुलगा कसत होता. कापसानं लागोपाठ दगा दिला तेव्हा त्यानं ती मक्त्यानं दिली आणि बायको-मुलीला घेऊन नोकरीसाठी बंगलोर गाठलं. सकाळी पेपर उघडायची भीती वाटावी असे दिवस होते, त्यामुळे मावशी म्हणायची, "गेला ते बरं झालं. डोळ्यासमोर नसला तं नसला, सुखी तं राहीन तो." पण मुलाबरोबर नातही गेली आणि मावशीला घर खायला उठलं. नात तिकडे नाच शिकू लागली. तिच्या नाचाच्या सीडी पोस्टानं यायच्या. त्या मावशीला पाहता याव्यात म्हणून मावसाजींनी चौकातल्या टीव्हीवाल्या भाईंकडून सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जुळवला, पुढे जुना डब्यासारखा मॉनिटर ठेवला. त्यात चोरून उतरवलेली सिस्टीम टाकायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "चोरीचं घरात नोको." म्हणून मी अमरावतीच्या एका मित्राकडून लिनक्सची सीडी नेऊन दिली. ही सिस्टीम फुकट असते आणि तिचं पोट कोणालाही उघडून पाहता येतं, एवढं ऐकल्यावर मावसाजी तिच्या प्रेमातच पडले.

पहिल्या दिवशीच गंमत झाली. स्क्रीनवर नातीनं गिरकी घेतली आणि तिच्या कमरेतून आडवी फाट गेली. मान पुढे निघून जाई, पाय मागून येत. शिवाय सगळं चित्र बारीकसं लुकलुकत होतं. मावशीची काही तक्रार नव्हती. "फाटली तं फाटली, माही पोरगी दिसून राहिली नं!" पण बिघाड समोर नाचत असताना गप्प बसतील तर ते मावसाजी कसले? "थांब वं, तिले सारखी करून देतो," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

पुढचे कित्येक आठवडे त्या घरात नातीऐवजी तिची फाटच पाहिली गेली. मावसाजींनी ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र हाकणारे प्रोग्रॅम, बदलले. कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये एक ओळ लिहायची, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा, स्क्रीन काळी ठिक्कर पडायची, मग त्या अंधारातच नुसत्या अक्षरांचं टर्मिनल उघडून ती ओळ खोडायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यांची शिस्त, आणि ती एक गोष्ट बदलून होते न होते तोच भारनियमनाची वेळ व्हायची. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा एक कट्टा होता, तिथं त्यांनी इंग्रजीत अर्ज टाकला, थेट शिक्षणाधिकाऱ्यांना लिहावा तसा, "आदरणीय महोदय" पासून "आपला विनम्र" पर्यंत. सातासमुद्रापलीकडच्या कोणा भल्या माणसानं "दोस्ता, ही ओळ टाकून बघ" असं उत्तर दिलं, तर दोस्त म्हटल्याचं मावसाजींना दोन दिवस कौतुक होतं. शेवटी त्याच माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी अशी एक सोय चालू केली की आधीचं चित्र पुरतं रंगवून झाल्याशिवाय स्क्रीन पुढच्या चित्राला हात लावत नाही. फाट गेली. मग स्क्रीनचा वेग वाढवला, लुकलुकणं गेलं. नात अखंड गिरकी घेऊ लागली. मावसाजींनी अख्ख्या गल्लीला कचोरी खाऊ घातली आणि मला अमरावतीला फोन करून नुसतंच "झालं!" म्हणाले.

"फाट गेली खरी," मावशी म्हणाली, "पन लखलखाट काई जात नाई. डाव्या बाजूनं चमकून राहिलं."

आता हे मला सांगावंच लागेल. मावशी हे म्हणाली तेव्हा स्क्रीनला काही झालेलं नव्हतं. तिचा डावा डोळा जात होता. ते तिला कळलं नव्हतं, आम्हाला कळलं नव्हतं, आणि ज्यांना सगळे बिघाड कळायचे त्या मावसाजींना तर मुळीच कळलं नव्हतं. त्यांना नवा बिघाड मिळाल्याचा उत्साह चढला होता. त्यांनी तक्रार ऐकली, पण तक्रार करणारीला एक प्रश्न म्हणून विचारला नाही. ते मॉनिटरला विचारत बसले. वायर बदलली. कुलरमुळे व्होल्टेज खालीवर होतं म्हणून भर उन्हाळ्यात कुलर बंद ठेवून नाच लावला. मावशी पदरानं वारा घेत म्हणाली, "अवो, आता तं कोपऱ्यात काळं येऊन राहिलं," तर त्यांनी मॉनिटरचा तो कोपरा स्पिरिटनं पुसला आणि ड्रायव्हर पुन्हा बदलला.

एका संध्याकाळी मी तिथंच होतो. नाच चालू असताना लाईट गेली, स्क्रीन विझली, सगळं घर अंधारलं. मावशी म्हणाली, "लाईट गेली तरी चमकूनच राहिलं जी." कोणीही शहाणा माणूस इथं दचकला असता. मावसाजींना आनंद झाला. "अवं, मॉनिटरमधी करंट साठून रायते! तो सुटून राहिला, म्हनून चमकते." मग मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी आम्हाला मॉनिटरमधली वीज कशी साठते आणि ती कशी जीव घेऊ शकते, हे फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं. त्यात वीज साठते हे खरंच होतं, हीच तर पंचाईत. धादांत चूक असती तर कोणीतरी हटकलं असतं. मावशी मन लावून ऐकत होती आणि मधूनमधून डोळा चोळत होती.

शेवटी मॉनिटर रिक्षात घालून टीव्हीवाल्या भाईंच्या दुकानात नेला. भाईंनी तो दिवसभर चालवून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, मॉनिटर एकदम चोखा हाय. तुमी म्हनता तं ठेवून घेतो, पन इसमें कुछ नहीं." मावसाजी मॉनिटर तिथंच ठेवून घरी आले. पुढचं मला मावशीनं सांगितलं. टेबल रिकामं होतं, मॉनिटरच्या जागी धुळीचा चौकोन तेवढा उरला होता. भाकरी टाकून मावशी हात पुसत नेहमीच्या जागी येऊन बसली आणि सहज म्हणाली, "आज तं लखलखाट वाढला."

मावसाजींनी टेबलाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. बदलायला दुसरं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी मावशीकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला प्रश्न विचारला.

"कोन्या डोळ्यात?"

मावशीनं एकेक डोळा तळव्यानं झाकून पाहिला. "डाव्या," ती म्हणाली. "उजवा झाकला तं तुमी अर्धेच दिसता."

डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे, अशी चमक दिसू लागली की त्याच दिवशी यायचं असतं. केव्हापासून दिसते, असं त्यांनी विचारलं, आणि मावसाजींनी कॉम्प्युटरची सगळी हकीकत पहिल्या फाटेपासून सांगितली. डॉक्टर भला माणूस, मध्ये बोलला नाही. नागपूरला ऑपरेशन झालं. त्या डोळ्याला आता उजेड कळतो, अंधार कळतो, माणूस कळत नाही.

मला मावसाजींचा फार राग आला होता आणि तो जायला बराच काळ गेला. मावशीला आला नाही. "मले तरी कुठं समजलं? मीबी मॉनिटरच म्हनत होती नं," एवढंच ती म्हणायची. मावसाजी मात्र येईल त्याला स्वतः होऊन सांगत, "सगळं तपासलं बाबू म्या. तिलेच तपासलं नाई." पुढच्या खोलीला त्यांनी कडी घातली. शेजारच्या वहिनींचा मिक्सर बंद पडला तो बंदच राहिला. एवढा बडबड्या माणूस असा मुका झालेला पाहवत नसे. राग गेला तो बहुधा त्यामुळेच गेला.

मध्ये बऱ्याच दिवसांनी अकोल्याला गेलो तर ती कडी काढलेली होती. वहिनी इस्त्री घेऊन आल्या होत्या आणि मावसाजी त्यांना खुर्चीवर बसवून विचारत होते, केव्हापासून होते, आधी काय झालं, तुमाले स्वतःले काय वाटते. वहिनी सांगून सांगून कंटाळल्या, तरी हे "अजून काई?" म्हणतच होते. इस्त्री बाजूला गार पडून होती, तिला कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी नातीची नवी सीडी आली होती. मावशी आत भाजी चिरत होती. मावसाजी तिच्या खुर्चीत जाऊन बसले, स्वतःचा डावा डोळा तळव्यानं झाकला आणि एका हातानं भाईंकडून परत आणलेला मॉनिटर थोडा थोडा उजवीकडे सरकवू लागले. सरकवायचा, बघायचा, खुर्ची हलवायची, पुन्हा बघायचा. मी दारात उभा आहे हे त्यांना दिसलं नाही, कारण मी डावीकडे होतो.

"लावला का जी?" मावशीनं आतून विचारलं.

"लावतो. तू ये आधी. काय काय दिसते ते मले सांग."

मावशी येऊन बसली. नाच सुरू झाला, चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. ती सांगू लागली, पोरगी उंच झाली, काहून इतकी वाळली, घुंगरू नवे घेतलेले दिसते, मागचा पडदा निळा हाय. मावसाजी तिच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले होते. त्यांचा तळवा अजून डोळ्यावरच होता, आणि ते ऐकत होते.