आबारावांच्या गाडीचं नाक

शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला की डाव्या अंगाला पत्र्याचं एक शेड लागतं. त्याला पाटी नाही, फोन नंबर नाही, काही नाही. दारात एखादं फुटकं बंपर, टाकीचं झाकण आणि कुठल्या तरी शाळेच्या घसरगुंडीचा अर्धा तुकडा पडलेला दिसला, की समजायचं हे सुग्रीवचं दुकान. फायबरचं काहीही फुटलं की इथं आणायचं. पाटी का लावत नाहीस असं विचारलं तर सुग्रीव म्हणायचा, "ड्रायव्हर लोकांच्या तोंडात हाय की नाव. पाटी पावसानं जाईल, ते थोडंच जातंय?"

आणि तेच नाव यंदा जायला निघालं होतं.

दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना आबाराव आपली लांब नाकाची जुनी मालवाहू गाडी घेऊन आले. सरळ दुकानात येतील तर ते आबाराव कसले! आधी शेजारी भागवतच्या हॉटेलात बसले, चहा घेतला आणि दहा ड्रायव्हरांच्या देखत मोठ्यानं म्हणाले, "चला, बघा तुमच्या सुग्रीवचं काम. दोन सालात दोनदा केलं त्यानं, आता तिसऱ्यांदा फुटलं."

सगळं हॉटेल उठून शेडपुढं आलं. बॉनेटच्या ऐन नाकावर, जिथं 'बिरोबा प्रसन्न' लिहिलं होतं, तिथं 'बि' आणि 'रो' यांच्या मधून हातभर तडा गेला होता.

"दसऱ्यापातुर करून दे," आबाराव म्हणाले. "आन् पुन्हा चीर गेली ना, तर जालन्यापासून गेवराईपातुर एकबी ड्रायव्हर तुझ्या दारात गाडी लावणार न्हाई, येवढं मी बघतो."

ही पोकळ धमकी नव्हती. आबाराव तीस वर्षं त्याच रस्त्यावर होते. त्यांच्या शब्दाला मान होता, आणि सुग्रीवचं पोट त्या शब्दावर होतं. दुसरा कुणी असता तर हातापाया पडला असता नाहीतर भांडला असता. सुग्रीवनं नुसते हात पुसले.

"मामा, माझ्या हातचं उगंच फुटत न्हाई. फुटलं असंल तर कुणीतरी फोडलंय."

"म्हंजे मी फोडलं व्हय रं?"

"मी कुठं म्हणतो? बॉनेट सांगंल की. गाडी ठिवून जावा."

आता हा सुग्रीव एवढा छातीठोक कसा, तर त्याचं कारण होतं. जालन्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्यानं दहा वर्षं फायबरचे पत्रे आणि टाक्या केल्या होत्या. तिथली माणसं मापं घेऊन काम करायची, हा कानानं करायचा. बोटाच्या पेरानं टकटक करत जायचा. 'टण्' आलं तर पक्कं, 'भद्द' आलं की आत हवा राहिली, पुन्हा काढा. साहेब चिडायचा, पण टाकी गळायची ती दुसऱ्यांची. काचेची बारीक कुसं अंगात शिरून दोन्ही हात सदा खाजायचे. संध्याकाळी घरी गेला की बायको, प्रांजली, कणकेचा गोळा घेऊन त्याच्या हातांवर फिरवायची, म्हणजे कुसं गोळ्याला चिकटून निघायची. "येवढी काच तर माझ्या बांगड्यात न्हाई," असं म्हणायची आणि गोळा फेकून द्यायची.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव बॉनेट उलटं करून बसला. गाडी हादऱ्यानं तडकली तर चीर बोल्टाच्या भोकापासून निघते आणि लांब पळते. इथं तसं नव्हतं. भाजलेल्या पापडावर बोट दाबल्यावर जसं होतं, तशा एकाच ठिकाणापासून चारी बाजूंना चिरा गेल्या होत्या. हे वरून मारलेलं होतं, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

मग त्यानं चीर घासायला घेतली आणि हात थांबला. आतून लाल भुकटी निघत होती. त्यानं लावलेला अस्तराचा रंग राखाडी होता, मग लाल कुठून आला? तेवढ्यात प्रांजली डबा घेऊन आली. दारातच तिनं नाक वर केलं.

"अवो, देवघराचा वास येऊन राह्यलाय इथं."

सुग्रीवनं बोटावरची भुकटी हुंगली. कुंकू! आणि खवट खोबऱ्याचा वास. तो एकटाच हसला. पण हे कुणाला बोलायचं आणि कसं बोलायचं, हा मोठा प्रश्न होता. भागवतच्या हॉटेलात जाऊन सांगितलं असतं तर पाच मिनिटांत त्याचं नाव धुऊन निघालं असतं, आणि म्हाताऱ्याचं हसं झालं असतं. खरं सांगा मंडळी, आपल्यातल्या किती जणांना तो मोह आवरला असता?

त्यानं आबारावांना एकट्याला बोलावलं आणि लिंबाखाली नेलं.

"मामा, नारळ कुठं फोडता?"

आबारावांनी मिशीवरून हात फिरवला, रस्त्याकडं बघितलं, मग म्हणाले, "गाडीच्या नाकावर. दर आमुशाला. बापानं साठ मेंढरं इकून गाडी घेतली, तवा पयला नारळ त्यानंच नाकावर फोडला. तवापासून हाय ते."

"तवा नाक लोखंडाचं होतं. बारा साल झाले, तुमी फायबरचं बशिवलं."

"मंग? देवाला काय कळतंय लोखंड हाय का फायबर?"

"देवाचं न्हाई मला ठावं, पर नारळाला बराबर कळतंय!"

आबाराव हसले नाहीत. "किती फटके लागतात?" असं सुग्रीवनं विचारलं, तर त्यांनी मान दुसरीकडं फिरवली. "लागतात चार-पाच," एवढंच बोलले. फायबर दबतं आणि उसळतं, त्यावर नारळ एका फटक्यात फुटायचा कसा? दर फटक्याला आत एक बारीक चीर जायची, तिच्यात नारळाचं पाणी मुरायचं, आणि वरून कुंकू.

"रस्त्यावर फोडा की. समदे तसंच फोडतात."

"न्हाई जमणार. बापाची रीत हाय."

"बरं. मंग चूक माझीबी हाय, मामा," सुग्रीव म्हणाला. "दोनदा बुजवलं मी, पर कशानं फुटलं ते एकदाबी इचारलं न्हाई. आता सांगा, जुनं लोखंडी बॉनेट कुठं हाय?"

"हाय की. शेतात मोटारीच्या स्टार्टरवर झाकलंय. का रं?"

"उद्या घिऊन या."

पुढचे चार दिवस सुग्रीवला बोलायला वेळ नव्हता. खोबऱ्यानं नासलेला सगळा भाग त्यानं कापूनच टाकला. तेलकटावर रेझिन, म्हणजे थर चिकटवणारा चीक, धरत नाही, मग वरून कितीही चोपडा. आतून पुठ्ठ्याचा आधार दिला, काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर एकावर एक बसवले. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की रेझिन घट्ट करणारं हार्डनर चार थेंब जास्त पडलं तर मिश्रण डब्यातच दगड होऊन धूर सोडतं, म्हणून हे काम त्यानं सकाळी नऊच्या आत उरकलं. ब्रशानं दाबून दाबून हवा काढली. वाळल्यावर पेरानं टकटक केली. एका जागी 'भद्द' आलं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण त्यानं तेवढं खरवडून पुन्हा केलं.

लोखंडी बॉनेट आलं तेव्हा त्याचं नाक तेवढं शाबूत होतं, बाकी सगळं गंजून चाळण झालेलं. सुग्रीवनं ते नाक कापून घेतलं. भुजंग वेल्डरला बोलावून चॅसीपासून एक जाड पट्टी वर आणली आणि तिच्यावर ते तळहाताएवढं लोखंड बसवलं. बॉनेटच्या अगदी पुढं, पण बॉनेटला न टेकता, मधे बोटभर फट सोडून. मग पुट्टी, पाण्यातला पॉलिश पेपर, अस्तर. फवारणीच्या आधी धूळ बसावी म्हणून त्यानं शेडभोवती पाणी मारलं आणि जुनाच विटकरी रंग दिला. 'बिरोबा प्रसन्न' मात्र स्वतःच्या हातानं लिहिलं.

दसऱ्याच्या सकाळी गाडी हॉटेलपुढं उभी राहिली. झेंडूचं तोरण बांधलं होतं. आबारावांची बायको, बायनाबाई, हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली होती. तेच दहा ड्रायव्हर, शिवाय आणखी वीस. सुग्रीवनं नारळ आबारावांच्या हातात दिला.

"मामा, ते बापाचं लोखंड. मारा, बिलकुल भिऊ नका."

आबारावांनी नारळ दोन्ही हातांत धरला. ते आजूबाजूला बघू लागले, जसं काही सगळ्यांनी पाठ फिरवावी. बायनाबाई म्हणाली, "आवो फोडा की जल्दी, म्हूर्त चाललाय."

त्यांनी डोळे मिटले आणि मारला. एकच फटका. नारळाची दोन शकलं झाली, पाणी नव्या रंगावर उडालं.

सुग्रीव पुढं झाला. त्यानं नाकापासून काचेपर्यंत सगळं बॉनेट पेरानं वाजवलं. टण्. टण्. टण्. कुठं केसभर चीर नव्हती. "बघा," तो ड्रायव्हरांकडं वळून म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याच्याकडं कुणीच बघत नाही. सगळे आबारावांकडं बघत होते. म्हातारा त्या लोखंडावर हात ठेवून लहान लेकरावानी रडत होता.

"बाप म्हणायचा, एका फटक्यात फुटला की देव राजी," ते म्हणाले. "बारा साल झाले, एकदाबी तसा फुटला न्हवता. मला वाटलं बिरोबा रुसलाय माझ्यावर. कुणाला दिसू नये म्हणून पहाटंच, एकटाच फोडायचो. आन् फुटंस्तवर मारायचो."

"बारा साल!" बायनाबाईनं ताट भागवतच्या हातात दिलं. "आन् मला एका शब्दानं बोलला न्हाईत?"

"काय सांगू? तूबी भ्याली असतीस."

मग आबारावांनी डोळे पुसले, आवाज चढवला, अगदी आठ दिवसांपूर्वी चढवला होता तेवढाच. "ऐका रे समदे! ह्याचं काम पक्कं होतं. मीच फोडत होतो. ज्याला ज्याला मी उलटं सांगितलं, त्याला आता हे सांगा."

आणि नारळाचं पहिलं शकल देवापुढं ठेवायच्या आधी, बापाची सगळी रीत मोडून, त्यांनी ते सुग्रीवच्या खाजऱ्या हातात ठेवलं.