वरातीच्या घोडीचं शिंगरू

एम.एस्सी.ला मी घोडा, गाढव आणि खेचर यांच्या गुणसूत्रांची तुलना करत होते. ‘गुणसूत्र’ हा मराठी शब्द मला नवाच होता. शहागंजच्या मागच्या गल्लीत वरातीची घोडी ठेवणाऱ्या काकांना काय सांगायचं, ते मी रिक्षात बसून मनातल्या मनात जुळवत जायचे. घोड्याचं रक्त त्यांच्या घोडीचं मिळालं, गाढवाचं वीटभट्टीवरून. खेचर मात्र कुठे सापडत नव्हतं.

चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा काका घोडी देवगाव रंगारीला बहिणीकडे चरायला सोडत. बहिणीच्या सासरी मेंढरं, आणि मेंढरांमागे बिऱ्हाड वाहायला गाढवं. घोडी म्हातारी होत चाललेली. तिच्या जागी वरातीत उभी राहील अशी तिची पोर काकांना हवी होती. म्हणून बहिणीनं हौसेनं घोडीला शेजारच्या गावातल्या घोड्याकडे नेऊन आणलं होतं. रात्री मात्र ती गाढवांच्याच वाड्यात असायची.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर घोडी इथं शहागंजात व्याली. मादी झाली, तपकिरी, लटपटत्या पायांची.

“कान जरा मोठे आहेत,” मी हळूच म्हणाले.

“काठेवाडी बाप हाय. त्याचे कान असेच उभे,” काका म्हणाले.

समोरचा पानवाला ओरडला, “वरातीत बँडची गरज नाय पडायची काका, हीच गाईल!”

काका हसले नाहीत. “ताई, तुमच्या मशिनीत बघा एकदा. खेचर निघाली तर भट्टीवाला मागतोच हाय, देऊन टाकतो.”

मला खेचर हवं होतं. त्यांच्याकडे बघायचं टाळून मी मान हलवली.

जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, तेव्हा शिंगरानं माझ्या ओढणीचं टोक चघळून ओलं केलं. प्रयोगशाळेत त्या पेशी वाढवल्या, रंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो मोठा करून घेतला आणि एकेक गुणसूत्र कातरून जोड्या लावायला बसले. घोड्याची चौसष्ट असतात, गाढवाची बासष्ट. दोन्हीकडून निम्मी निम्मी येतात. माझ्यासमोर त्रेसष्ट होती. कितीतरी तुकड्यांना जोडीदारच मिळेना. एक लांब काठीसारखं, तर दुसरं मधेच चिमटलेलं. सर खूश झाले. मी तो कागद घेऊन तशीच शहागंजला गेले.

काकांनी हात धोतराला पुसून कागद धरला.

“खेचर आहे,” मी म्हणाले. जुळवलेलं बाकी सगळं विसरले.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. “हिला पुढं पोरं?”

“नाही होणार. जोड्या लागत नाहीत ना.”

“ह्यात आमच्या घोडीचं कोणतं?”

“बत्तीस तिच्याकडून आलीत, गाढवाकडून एकतीस.”

“म्हणजे आईचंच एक जास्त.” त्यांनी शिंगराकडे पाहिलं. ते आईच्या पोटाखाली शिरून दूध पीत होतं, आणि घोडी मान वळवून त्याची पाठ हुंगत होती. “बहिणीला काय सांगू? लई हौसेनं नेलं होतं तिनं.”

तेवढ्यात तिचाच फोन आला. रोजच यायचा म्हणे.

“व्हय, बघितलं ताईनं,” काका मोठ्यानं म्हणाले. “आईवरच गेलीय. कान तेवढे तुझ्या सासरचे आलेत.”

पलीकडे ती इतकी हसली की मला फोनबाहेरही ऐकू आलं. हसता हसता ती काहीतरी विचारू लागली.

“भट्टीवर? येडी का काय तू,” काका म्हणाले. “भाचीला कोणी भट्टीवर धाडतं व्हय? दाणावैरण वाहील घरची. राहू दे इथंच.”