कुंकू लागलेल्या डिस्क

संयोगिता फोनवर बोलायला लागली की राजारामपुरीतल्या तिच्या लॅबखालचा चहावाला रेडिओ बंद करायचा. दोन्ही एकदम ऐकू येत नसत. काम मात्र नाजूक. पुसलेल्या फायली परत काढायच्या आणि पोलिसांना अहवाल द्यायचा. गिऱ्हाईक असो की फौजदार, आधी बोलणी, मग चहा, मग काम, हा तिचा शिरस्ता.

राधानगरीकडच्या एका दूध संस्थेचा कॅमेऱ्याचा सर्व्हर तिच्याकडे आला. दुधात कुणीतरी पाणी घालत होतं. चेअरमन अमरसिंहांनी बोट दाखवलं ते दुधाचं फॅट मोजणाऱ्या आकारामकडे, आणि नेमकं तेवढंच चित्रण कुणीतरी पुसलेलं. ते निघालं नाही तर आकारामची नोकरी जाणार आणि गावात तोंड दाखवायची सोय उरणार नाही.

सर्व्हरमध्ये चार डिस्क. एकच चित्रण तुकडे करून चौघींत वाटलेलं, म्हणून त्यांचा क्रम महत्त्वाचा. संयोगितानं नकला काढून क्रमानं जोडल्या, तर पडद्यावर नुसता भुगा. तिनं एक डिस्क डोळ्यांजवळ नेली. खाचेत कुंकू!

हवालदार आकारामला घेऊन आला.

"ह्या बाहेर कुणी काढल्या?"

"म्याच. खंडेनवमीला. फॅटचं मशीन पुजलं, काटा पुजला, मग ह्यास्नीच कसं वगळायचं?"

"आणि परत कशा बसवल्या?"

"बसल्या तशा की!"

त्यानंतर संयोगितानं जे सुनावलं, त्यात हवालदारानंही उगाच मान खाली घातली.

क्रम बदलत बदलत अखेर जुळला आणि पुसलेलं चित्रण अख्खं वर आलं. इतकं अख्खं कसं, म्हणून तिनं तारखा ताडून बघितल्या. चित्रण पुसलं होतं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. सर्व्हर चालू राहता तर त्या जागेवर नवं चित्रण चढलं असतं. पण डिस्क उलटसुलट बसल्यामुळं तो पूजेपासून बंदच होता. आकारामला वाचवलं होतं त्याच्याच चुकीनं. हे कबूल करणं तिच्या जिवावर आलं, पण तिनं केलं.

कॅनमध्ये पाण्याची नळी सोडणारा निघाला चेअरमनचा पुतण्या यशराज. अहवाल पोलिसांत गेला, तरी आकाराम खुर्चीवरून उठेना.

"आता काय राहिलं, पावणं?"

"ताई, आमच्या मंडळीला सांगशीला का? गाव बोललं त्येचं काय न्हाय. पर तिनं बी एकदा इचारलं, खरंच तुमी न्हाय न्हवं?"

 संयोगितानं तिथल्या तिथं त्याच्या बायकोला फोन लावला.

"आक्काताई, तुमच्या माणसानं काय केलेलं न्हाय. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय."

पलीकडं बराच वेळ नुसतं मुसमुसणं. मग बारीक आवाज आला, "जेवल्यात का त्ये?"